हुक कुठं बसवला होता

आई, मी एक जीप घेतली. जुनी आहे, दुसऱ्यानं वापरलेली, पण तिची चारही चाकं ओढतात. साधी गाडी चिखलात नुसती चाकं फिरवत बसते, तिथून ही बाहेर निघते. लोक तिला फोर बाय फोर म्हणतात. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढी वर्षं मी खालापूरकडच्या एका कारखान्यात स्टोअरच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना पाने, नट, बोल्ट काढून देत आलो, आणि स्वतः कधी एक नट फिरवला नाही. घरातला नळ गळला तरी माणूस बोलवायचो. तुझी सून म्हणते, यांना सामानाची सगळी नावं येतात, कामं येत नाहीत. खरं आहे ते.

गाडी घेतली ती ताईसाठी. तिचं सासर कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला, तू बघितलंस तिथंच, आणि शेवटचा रस्ता अजून तसाच आहे, लाल मातीचा. गेल्या पावसाळ्यात ती पडवीत घसरली. गुडघा सुजून हंड्याएवढा झाला, आणि चौघांनी तिला चादरीच्या झोळीत घालून खाली डांबरी सडकेपर्यंत आणलं. मी खाली उभा होतो. झोळीतून मान वर काढून ती मला म्हणाली, "बग रं, नवरीसारकी निगाले!" ती हसत होती, उचलणारेही हसत होते. मला ते हसणं बघवेना. त्याच महिन्यात मी गाडी शोधायला लागलो.

मग डोक्यात आलं की तिच्यावर जे काही बसवायचं ते आपल्या हातानं बसवायचं. आधी धुक्याचे दिवे. रविवारी अंगणात गाडी उभी करायची, फोन पायरीवर टेकवून त्यातला माणूस काय करतो ते बघायचं आणि तसं करायचं. त्या माणसाला सगळं पाच मिनिटांत जमतं. मी पहिल्या रविवारी बॅटरीची वायर न काढताच काम सुरू केलं. पाना कुठं टेकला कोण जाणे, अशी ठिणगी उडाली की बोटातली अंगठी तापली आणि खाली गोल डाग उठला. तेव्हापासून आधी अंगठी काढतो, मग बॅटरीची काळी वायर, मग बाकीचं. दुसऱ्या रविवारी भोक चुकीच्या जागी पाडलं, कारण माप वरून घेतलं आणि दिवा बसणार होता खालून. तुझी सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. म्हणाली, "आता त्या भोकातून काय बघायचंय?" ते भोक तसंच उघडं ठेवलं तर आठ दिवसांत त्याच्या कडेला तांबूस रेघ धरली; पत्रा कापला की लगेच रंग लावायचा असतो, हे गंजानं शिकवलं. पण शेवटी दिवे लागले, आई. संध्याकाळी बटण दाबलं आणि समोरचा वई-कुंपणाचा सगळा निवडुंग पिवळा झाला. शेजारचे जमले. बावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी विचारलं, "तुमी केलंत हे?" तेव्हा छाती अशी भरून आली की पुढच्या कामाची भीतीच गेली. ती जायला नको होती.

पुढचं काम म्हणजे ओढायचा हुक. गाडी रुतली तर दुसऱ्या गाडीनं साखळी लावून ओढायची ती यालाच. सोबत आलेल्या कागदावर चित्र होतं: बंपर काढा, हुक आतल्या चासीला लावा, सोबतचेच बोल्ट वापरा. चासी म्हणजे गाडीचा कणा, सगळं वजन तिच्यावर. बंपर म्हणजे पुढचा पत्रा. मी बंपर काढायला गेलो तर एक जुना बोल्ट गंजून बसलेला. तेल सोडलं, ठोकला, पाना घसरून बोटाचं सालपट निघालं. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी हुक सरळ बंपरलाच लावला, आणि सोबतचे बोल्ट तिथं लांब पडायला लागले म्हणून घरातल्या डब्यातले दोन जाड बोल्ट घातले. एकटाच होतो, इकडून नट आवळला की तिकडून बोल्ट गरगर फिरायचा. कसाबसा घट्ट झाला. वरून काळा रंग मारला. दिसायला सुंदर दिसत होता. आणि मला माहीत होतं, आई. बोल्टच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा बघितल्याशिवाय ओझ्याच्या जागेसाठी मी स्टोअरमधून बोल्ट देत नाही. माणूस कितीही घाईत असला तरी देत नाही. डब्यातल्या त्या बोल्टांच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी मी ताईला माहेरी आणायला वर गेलो. जाताना जीप ऐटीत चढली. येताना ताई पुढं बसलेली, मांडीवर काकड्यांची पिशवी, आणि वळणावर समोरून गुरं आली म्हणून मी कडेला घेतलं, तर डावीकडची दोन्ही चाकं चरात गेली आणि गाडी पोटावर टेकली. चारही चाकं फिरवली तरी नुसता चिखल उडे. ताईचे शेजारी तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. सत्तरीचे आहेत. झोळीला पुढचा खांदा त्यांनीच दिला होता. मी उतरून मोठ्या दिमाखात हुक दाखवला. त्यांनी साखळीचा आकडा त्यात अडकवला, ट्रॅक्टरवर चढले, हळूहळू साखळी ताणली. मग ठण्ण असा आवाज झाला. काहीतरी सूं करत गेलं आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळलं. तात्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, आई. मी मोजून बघितलं नंतर. पत्र्याला वाटीएवढा खळगा पडला होता.

तात्या उतरले. साखळी चिखलात मोकळी पडलेली. बंपरवर इतका चिखल की रिकामी भोकं दिसत नव्हती, आणि माझा हुक मडगार्डवरून उडून बांधापलीकडे भाताच्या पाण्यात पडला होता. तो मला दिसला. त्यांना दिसला नाही. ते आधी ताईकडे गेले. "ताय, तुला लागलं नाय ना? माज्या साखळीनं दगा दिला गं. जुनी झाली ती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आकडा फाकला वाटतं. चुकलंच माजं, बगून घ्यायला पायजे व्हतं." आणि मी म्हणालो, "हो, जुनी दिसते."

एवढंच बोललो. त्यांनी मग खाली वाकून साखळी चासीला गुंडाळली आणि गाडी बाहेर काढून दिली. ते ट्रॅक्टर वळवत असताना मी बांधावरून उतरून हुक उचलला आणि ताईच्या सीटखाली सरकवला.

घरी येईपर्यंत मला तुझी गिरणी आठवत होती. तू भाताच्या गिरणीवर कामाला होतीस आणि मी शाळा सुटली की तिथं कोंड्याच्या ढिगावर बसायचो. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची, आणि तेल घालायला तू ती काढलीस की तिचे नट खिडकीत ओळीनं ठेवायचीस. त्यातला एक मी खिशात घातला. कशाला, ते आता आठवतही नाही. हातात जड आणि गार लागला असेल. तू जाळी लावायला आलीस तर एक नट कमी. बाहेर लोक पोती घेऊन उभे, शेठ ओरडतोय, "अगं एक नट नाय तर काय मोडतं? चालू कर!" तू म्हणालीस, "जाळी हलली आनि कुनाचा पदर गेला तर? मी नाय चालू करायची." आणि तू गुडघ्यावर बसून कोंडा चाळायला लागलीस. केसांत कोंडा, भुवयांवर कोंडा. शेठनं सगळ्यांदेखत विचारलं, एवढी वर्षं झाली, नट सांभाळता येत नाही? तू मान वर केली नाहीस. मी दहा वर्षांचा होतो, नट माझ्या खिशात होता, आणि मी तुझ्यासोबत शोधत होतो. मग तो दाराशी टाकला आणि ओरडलो, सापडला! तू मला सगळ्यांसमोर जवळ घेतलंस. घरी जाऊन गुळाचा खडा दिलास. तो गूळ मी कुत्र्याला टाकला, हेही तुला सांगितलं नाही. तुला कळलं होतं का? मला खरंच माहीत नाही. तू कशाचाच पत्ता लागू देत नव्हतीस.

ताई घरी चार दिवस होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यातली गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बिचारे तात्या लय घाबरले." मी त्या वेळी उठून बाहेर जायचो. पाचव्या दिवशी तिला परत सोडायला निघालो. वाटेतलं कळंब गाव मागं पडेपर्यंत ती बाहेरची भातं बघत होती. मग म्हणाली, "माज्या पायाखाली काय हाय, मला ठावं हाय."

मी गाडी थांबवली.

"यायच्या दिवशीच पायाला लागलं. म्हटलं आज बोलंल, उद्या बोलंल."

"मग तू का नाही बोललीस?"

"मी बोलून काय? तुजं काम ते." तिनं पिशवीतून करंजी काढून माझ्या हातावर ठेवली. "चल आता. तात्या जेवायच्या आत गाटू."

तात्या अंगणात साखळी घेऊनच बसले होते. एकेक कडी घासून बघत होते. मी हुक त्यांच्यासमोर ठेवला, त्यात अडकलेला बोल्टचा तुकडाही दाखवला, आणि सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, फार बोललो एवढं आठवतं. त्यांनी तो तुकडा उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "मंजे माजी साखळी चांगली हाय." आणि मग त्यांचा आवाज चढला. "चार दिस झोप नाय रं मला! डोळं मिटलं का तुजी ताय समोर येती, डोकं फुटलेली. म्हटलं, झोळीतनं वाचवली आनि माज्या हातानं मारली असती. हे मला सांगायला चार दिस लागलं तुला?"

मला वाटलं होतं, आपला बोल्ट तुटला आणि त्यांचा जीव जाता जाता वाचला, एवढाच आपला गुन्हा. हा दुसरा माझ्या लक्षातच आला नव्हता.

तात्यांनी साखळी बाजूला ठेवली, तांब्यातलं अर्धं पाणी प्यायले, अर्धं मला दिलं. मग उठून गाडीपाशी गेले. "कुटं बसवला व्हता?"

मी दाखवलं.

"आनि कुटं बसवायचा?"

तेही दाखवलं. "ठावं व्हतं मंजे," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पाने घेऊन आले. बंपरचा तो गंजलेला बोल्ट त्यांनी तेल लावून, थांबून, परत तेल लावून तासाभरात काढला. मी दोन रविवारांत एकदाही थांबलो नव्हतो. सोबत आलेले बोल्ट गाडीतच पडून होते. ते चासीतून बरोबर आरपार गेले. एका बाजूनं त्यांनी डोकं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी नट आवळला, आणि बोल्ट एकदाही गरगर फिरला नाही. त्याला दोन माणसं लागतात, एवढंच होतं ते. मग त्यांनी साखळी लावली, तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटलीच तर उडणार नाही, आणि सगळ्यांना ओरडून लांब उभं केलं. पुन्हा तेच ट्रॅक्टरवर चढून बसले, पाठ माझ्या हुकाकडे करून. मी नको म्हणालो तर म्हणाले, "आता तू लावलाय ना? मग." जीप ब्रेक लावूनही दोन हात पुढं सरकली. हुक जागचा हलला नाही.

त्यानंतर पन्नासेक किलोमीटर चालवून मी तो पुन्हा आवळून बघितला, कागदावर तसं लिहिलंय. या वेळी कागद शेवटपर्यंत वाचला.

आई, हे सगळं मी इतक्या मोकळेपणी लिहितोय याचं कारण फार चांगलं नाही. तुला अक्षर येत नव्हतं. तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो. तू असतीस तर हेही मलाच वाचावं लागलं असतं, तुझ्यासमोर बसून, आणि मधलं गिरणीचं पान मी न वाचताच उलटून पुढं गेलो असतो.