काचेची लिफ्ट आणि अर्धा तास

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज एका माणसाचं जेवण बघून माझा इतका जळफळाट झाला की लिहायलाच बसलो. मधे चार गावं हिंडून मी परत बडोद्यात आलोय, सुभानपुऱ्यात एका गुजराती काकांची गाडी चालवतो. त्यांनाही तुमच्यासारखाच डायबिटीस. पण त्यांचं इन्सुलिन पेनात असतं. ताट समोर आलं की शर्ट वर करून पोटाला पेन लावतात आणि लगेच पहिला घास. नवीन निघालंय म्हणे, थांबावं लागत नाही. आज त्यांचा मुलगा श्रीखंड आणायला गेला तो दीड तासानं उगवला. तोवर काका पेन खिशात ठेवून पेपर वाचत बसलेले. "हवे आव्यो, लाटसाहेब?" आत्ता आलास होय, म्हणत त्याला मनसोक्त झापलं आणि दोघं हसत जेवायला बसले. मला त्या पेनाचा हेवा वाटला, पण त्याहून जास्त त्या पोराला बसलेल्या शिव्यांचा.

तुमचं म्हणजे सुई टोचली की अर्धा तास थांबायचं, आणि मग मात्र खायलाच हवं, नाहीतर साखर एकदम उतरायची. रविवारी आईला सुट्टी, जेवण म्हणजे बाहेरची सेव-उसळ आणि पाव, मी सायकलवरून आणायचो. त्या रविवारी दंडावर स्पिरिटचा बोळा चोळत तुम्ही म्हणालात, "टोचून घेतोय. अर्ध्या तासात ये. वाटेत तमाशे बघत बसू नकोस." उसळ घेऊन मी निघालो सरळच. पण अलकापुरीत एका नव्या इमारतीला काचेची लिफ्ट लागली होती, वर जाणारी माणसं रस्त्यावरून दिसायची. उसळीचा डबा हातात घेऊनच चढलो. आपली पाण्याची टाकी वरून ओळखू येते का बघत होतो, येत नाही. घरी पोचलो तर तुम्ही घामानं निथळत होता, मला ओळखत नव्हता, आणि आई चमच्यानं तुमच्या तोंडात साखरेचं पाणी घालत होती. नंतर मी म्हणालो, पंक्चर झालं. संध्याकाळी तुम्ही सायकलचं चाक दाबून पाहिलंत आणि आत गेलात.

तुम्ही रागावला नाहीत. फक्त त्यानंतर मी परत येऊन डबा ओट्यावर ठेवेपर्यंत सुईला हात लावला नाहीत. मी वाफाळती उसळ ओरपायचो, तुम्ही घड्याळ बघत समोर बसायचात, आणि शेवटपर्यंत दर रविवारी निवलेली खाल्लीत. काकांच्या पोराला नुसतं झापून मोकळं केलं जातं.

हा कागद गाडीच्या कप्प्यात राहील. पंक्चरचं तर तुम्हाला कळलंच होतं. लिफ्टच्या दारासमोर मोठं घड्याळ होतं, बाबा. तिसऱ्यांदा चढलो तेव्हा अर्धा तास होऊन गेलेला मी पाहिला होता.