रुओनाबाई फोन उचलत नाहीत

तीर्थस्वरूप लेम्पीताईस,

धाकट्या आर्विडचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे बदललेले असल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. मनातून मी पूर्ण आडवा झालो आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तुझे सांधे मोकळे झाले असतील. जीभ तर तुझी कधी आखडलीच नव्हती. इकडे मार्च उजाडला तरी खिडकी निम्मी बर्फात आहे आणि सरोवर गोठलेलंच आहे. मी ठीक आहे.

नाताळच्या पत्रात तू मला फैलावर घेतलं होतंस. तुझी इर्मा गेल्यापासून घरात बसून भिंतींशी बोलतोस, त्यापेक्षा कुठेतरी सेवा कर. उतारवयात दुसऱ्यासाठी काही केलं की रक्तदाब उतरतो, झोप लागते आणि आपण कुणालातरी हवे आहोत असं वाटतं, असं तू लिहिलंस. तिन्ही फायदे मी अनुभवले. रक्तदाबाचं आधी सांगतो, कारण तो अजून उतरलेला नाही.

जानेवारीत मी ज्येष्ठांच्या केंद्रात गेलो. तिथल्या मार्लीनने मला सहा नावांची यादी दिली. सगळी एकटी राहणारी माणसं. रविवार सोडून रोज सकाळी आठला एकेकाला फोन करायचा, ‘ठीक आहे’ असं ऐकायचं आणि नावापुढे खूण करायची. कुणी उचलला नाही तर दहा-दहा मिनिटांनी तीनदा फोन करायचा आणि मग मार्लीनला कळवायचं. ती शेरीफच्या कचेरीतून डेप्युटी पोलिसाला त्या घरी पाठवते. आपण स्वतः जायचं नाही, हा नियम फॉर्मवर दोनदा छापला आहे. (चौतीस वर्षं या जिल्ह्याचे रस्ते बर्फ हटवणाऱ्या ट्रकने साफ केलेल्या माणसाला ‘घराबाहेर पडू नका’ म्हणून बजावणं म्हणजे काय, ते तूच ठरव.) यादीत पहिलं नाव आपल्या चौथीच्या रुओनाबाईंचं. हो, त्याच. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि अजून पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलतात. मी काही विचारायच्या आधी त्याच विचारतात, “काय खाल्लंस सकाळी?” मी म्हणतो, ओट्स. खाल्लेले नसतात, पण त्र्याहत्तराव्या वर्षीही त्यांच्यापुढे खरं बोलायची हिंमत होत नाही.

तर परवाचा सोमवार. आठ वाजता फोन केला. घंटा वाजत राहिली. बारा वेळा मोजली. मला वाटलं, बाथरूममध्ये असतील. दहा मिनिटांनी पुन्हा केला. त्या दहा मिनिटांत मी यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करायला हवा होता, पण माझं बोट त्या नंबरावर जाईना. तिसऱ्यांदा केला, तरी घंटा वाजतच राहिली. ताई, मी तुला खरं सांगतो, इर्माच्या वेळी मी दुकानातून दूध घेऊन आलो तेव्हा घर असंच शांत होतं. मला ती शांतता ओळखू येते.

नियमाप्रमाणे मार्लीनला कळवायचं होतं. पण गेल्याच महिन्यात डेप्युटीने एका म्हाताऱ्याचं दार खांदा मारून फोडलं आणि आत तो म्हातारा घोरत होता. रुओनाबाईंचं दार कुणी फोडलं आणि त्या जिवंत निघाल्या, तर मला जिवंत सोडणार नाहीत. मी कोट चढवला आणि निघालो. मोबाईल टेबलावरच राहिला. बाकीची पाच माणसं फोनची वाट पाहत बसलीत, हेही डोक्यातून गेलं. चार गल्ल्या मी बर्फावरून कसा धावलो ते त्या बदललेल्या गुडघ्यांना विचार.

स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाका मारल्या. उत्तर नाही. टेबलावर अर्धा कप कॉफी, गार झालेली. कपाशेजारी बाईंची कानातली दोन्ही यंत्रं. आणि खुर्चीला टेकवलेली काठी. ताई, काठीशिवाय बाई फळ्यापर्यंतसुद्धा जाऊ शकणार नाहीत. मी बिछाना पाहिला, बाथरूम पाहिलं, तळघराच्या जिन्यावर वाकून पाहिलं. प्रत्येक दार उघडताना वाटायचं, आता दिसणार. कुठेच नव्हत्या. मग मागच्या खिडकीतून पाहिलं, तर अंगणातल्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

(तू वाळवंटात गेल्यापासून सौना विसरली असशील, म्हणून आठवण करून देतो. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर ओतलेलं पाणी, अंगावर एक धागा नाही, आणि वार शनिवार.) सोमवारी सकाळी गावात कुणी सौना पेटवत नाही. घरापासून सौनापर्यंत धरून चालायला एक दोर बांधलेला होता. दोराच्या बाजूने बर्फात पावलं उमटली होती. जाणारी होती. येणारी नव्हती.

आता माझी अवस्था बघ. उकाड्याने भोवळ येऊन बाई आत पडल्या असतील, तर एकेक मिनिट मोलाचं. पडल्या नसतील, तर मी माझ्या चौथीच्या बाईंच्या सौनाचं दार उघडतोय. इकडे आड, तिकडे विहीर. मी दार ठोठावलं. ओरडलो. पण ज्यांचे कान टेबलावर आहेत त्यांना काय ऐकू जाणार? आतून हूं नाही की चूं नाही. शेवटी मी टोपी हनुवटीपर्यंत खाली ओढली, देवाची आणि बाईंची एकदमच क्षमा मागितली आणि बाहेरची खोली ओलांडून आतलं दार उघडलं.

वाफेचा लोट अंगावर आला. मी आंधळ्यासारखा हात पुढे करून म्हणालो, “बाई, मी आर्विड.” काहीच नाही. आता गेल्याच, असं मी धरून चाललो. तेवढ्यात बादलीभर गार पाणी माझ्या तोंडावर बसलं.

“दार लाव! वाफ जातेय!”

आयुष्यात इतका आनंद मला कुणाच्याही ओरडण्याने झाला नव्हता. मी टोपीच्या आत रडत होतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण माझ्या उभं राहण्यावरूनच बाईंनी ओळखलं. “कोण, चौथीतला आर्विड? बाहेरच्या खोलीत जा. कोपऱ्यात तोंड करून उभा राहा. मी सांगेपर्यंत वळायचं नाही.” आणि ताई, मी उभा राहिलो. पंचवीस मिनिटं.

मग कॉफीबरोबर सगळं उलगडलं. शनिवारी धुराडं बर्फाने बुजलं होतं. रविवारी पुतण्याने येऊन ते मोकळं केलं. सौनाशिवाय आठवडा काढणार नाही म्हणून बाईंनी ती सोमवारी सकाळीच पेटवली. आठच्या आत आटोपायचं ठरवलं होतं. पण रविवारी तुमचं ॲरिझोना सोडून साऱ्या देशाने उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे केलं. बाईंचं घड्याळ उंच भिंतीवर असतं, ते पुढे करायला पुतण्या विसरला. माझे आठ वाजले तेव्हा त्यांचे सातच होते. “तूच लवकर आलास,” त्या म्हणाल्या. “शाळेत कधी आला नाहीस.”

मी जरा तोऱ्यात म्हणालो की बाई, तुमची काळजी घेणं हे माझं काम आहे. त्यांनी कानात यंत्र नीट बसवलं आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग खणातून एक वही काढली. वहीवर माझं नाव. आत रोजची तारीख आणि शेरा. ‘आवाज बसलेला. ओट्स म्हणतो, खोटं.’ ‘आज एकदा हसला.’ ‘रविवारी चर्चला गेला नाही. का?’

“अरे, मीसुद्धा सेवाच करते,” बाई म्हणाल्या. “मार्लीन म्हणाली, आर्विडला आपण फोन केला तर तो उचलायचा नाही. त्यालाच करायला लावू. पण ऐकायला कुणीतरी शहाणं हवं.”

म्हणजे दोन महिने मी त्यांना सांभाळत होतो आणि त्या मला. केंद्राच्या कागदोपत्री आम्ही दोघेही स्वयंसेवक आहोत. सेवा घेणारा कुणीच नाही. मला प्रचंड राग आला. रागात मी त्यांच्या वेलचीच्या पावाचे चार तुकडे खाल्ले. त्यांनी वहीत लिहिलं, ‘भूक उत्तम.’ त्या रात्री मला झोप लागली. तुझा दुसरा फायदा खरा निघाला.

बाकी सगळं क्षेम. सेवेचं काम मी चालूच ठेवणार आहे. तू काळजी करू नकोस.

तुझा,
आर्विड

ता. क. : काळजी करू नकोस हे वर लिहिलं आहे, पण माझ्या घराला सध्या मागचं दार नाही. फोन आला नाही म्हणून यादीतल्या उरलेल्या पाचही जणांनी मार्लीनला कळवलं की आर्विड बहुतेक गेला. एकाने तर माझ्या अंत्यविधीनंतर चर्चमधल्या जेवणाला काय आणायचं तेही ठरवलं होतं. मार्लीनने तीनदा मला फोन केला आणि मग डेप्युटीला पाठवलं. त्याने खांदा मारला. तूर्त मी तिथे जुनी ताडपत्री ठोकली आहे.

ता. क. २ : एक राहिलं, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. स्वयंसेवकाच्या फॉर्मवर एक रकाना असतो : काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? जानेवारीत मी हाताच्या सवयीने इर्माचं नाव लिहिलं होतं. नंबर घरचाच. सोमवारी डेप्युटीने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तो नंबर फिरवला आणि त्याच्या शेजारचाच फोन वाजायला लागला. बिचारा म्हणाला, मी बराच वेळ वाजू दिला, कुणीतरी उचलेल असं वाटलं. मार्लीनने नवा फॉर्म दिला आहे. कालपासून तो टेबलावर आहे. तुझं नाव लिहू का? फक्त हो किंवा नाही कळव. पण ताई, लवकर कळव.