घडी घालायला दोघं लागतात

मी, मंजुळा चांगदेव रोकडे, वय ७१, कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार आजदे, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. शरीर थकलं आहे, डोकं शाबूत आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करायला सवड मिळेल असं दिसत नाही.

माझे वारस दोघेच उरले आहेत. पती श्री. चांगदेव, यापुढे नुसतं 'हे', आणि मुलगा सलिल, राहणार टिटवाळा. मुलगी रचना चार वर्षांपूर्वी पोटाच्या आजाराने गेली.

एक. राहतं घर माझ्या फंडाच्या पैशातून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते ह्यांनी हयातभर वापरावं, त्यानंतर सलिलला मिळावं. ह्यांना कोणी घराबाहेर काढू नये. ह्यांनीही रुसून स्वतःहून निघू नये, तसा स्वभाव आहे म्हणून लिहिलं.

दोन. बँकेतली ठेव नात, सलिलची मुलगी दिपिका, हिच्या शिक्षणासाठी.

तीन. माझी कात्री आणि कापडातल्या गाठी उपटायचा चिमटा शेजारीण शांताबाईला. फोल्डिंग खात्यात मी जन्मभर कापड तपासलं. कुठे धागा तुटलाय, कुठे रंगाचा पट्टा पडलाय ते बघायचं आणि ताका चांगला की दुय्यम ते ठरवायचं. खात्याचे मास्तर प्रभाकर दुय्यम ताके चांगल्यात ढकलायचे आणि बोल मला खायला लागायचे. त्यांना मी माफ केलेलं नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, त्यांनी हे वाचूनच सही करावी.

चार. कपाटात, खालच्या कप्प्यात, रचनाचा निळा रेयॉनचा कुर्ता आहे. तो सलिलला द्यावा. का, ते सांगते.

हे स्टेंटरवर होते. ओलं कापड दोन्ही काठांनी धरून गरम हवेतून ताणत नेणारं ते मशीन; त्यातून कापडाचा पन्हा सरळ होतो. ह्यांनी कापड नुसतं चिमटीत चोळलं तरी त्यात सूत किती नि पॉलिएस्टर किती ते सांगत. रचनाला तो कुर्ता ढगळ व्हायला लागला तेव्हा ह्यांनी चोळून पाहिला आणि म्हणाले, "रेयॉन आहे, धुतलं की लोंबतंच." मग सुती ड्रेस ढगळ झाला, तर म्हणाले, "फिनिशिंग कच्चं आहे." घरात कोणालाच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कपडा अंगाला बसला नाही की दोष कापडाचा, हे मुलं लहान असल्यापासूनचं आहे. पोर आटत होती आणि आम्ही कापड तपासत होतो. डॉक्टरकडे नेली तोवर उशीर झाला होता.

रचनाच्या जलदान विधीला, सगळे बसलेले असताना, सलिल ह्यांना म्हणाला, "बाबा, तुम्हाला कापड कळतं, माणूस नाही कळत." त्या दिवसापासून तो हा उंबरा चढलेला नाही. मला दवाखान्यात न्यायला येतो, पण खालूनच फोन करतो, "आई, खाली ये, रिक्षा थांबवलीये." हे खिडकीत उभे राहून रिक्षा वळेपर्यंत बघतात. ह्यांनी त्यानंतर कुठलंही कापड चोळून पाहिलेलं नाही. बाजारात गेलो तर हात पाठीमागे बांधून उभे राहतात. मला ते बघवत नाही.

सलिल, बाळा, तो कुर्ता बदलून घ्यायला कल्याणच्या दुकानात रचनाबरोबर तूच गेलेलास. दुकानदाराशी तूच भांडलास, "काय माल विकता, दोन धुण्यांत झोळणा झाला!" तो बदलून देईना, म्हणून तू तणतणत घरी आलास आणि रचना हसत होती. तुला खाली बघायला लावायला हे लिहिलेलं नाही. तू बाबांना जे बोललास ते इतकी वर्षं तू स्वतःलाच बोलतो आहेस, हे आईला कळतं. आता दोघांनी पुरे करा.

पाच. माझ्या अंगावर घालायला मी पांढरं लाँगक्लॉथ आणून ठेवलं आहे. शुद्ध सुती आहे. ऐनवेळी दुकानातून टेरीकॉट आणू नये, ते आगीत वितळून चिकटतं. कोऱ्या कापडात खळ असते, म्हणून ते आधी पाण्यातून काढावं. वाळलं की ह्यांनी आणि सलिलने एकेक टोक धरून झटकावं, ताणावं आणि घडी घालावी. तिसऱ्याने हात लावू नये. लांब कापडाची घडी एकट्याला नीट घालता येत नाही. दोघांना समोरासमोर चालत यावंच लागतं आणि आपलं टोक दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं.

हे कलम मी जिवंत असतानाच अमलात यावं. वकीलबाई भाविका म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होतं. हे नाही टाकता येत." मी म्हटलं, "टाक गं. मेल्यावर मला कुठं दिसणार आहे?" त्यांनी डोळे पुसले आणि टाकलं.

सहा. सही करण्याआधी एवढं जोडते. आज सकाळी मी ते कापड पाण्यातून काढून दांडीवर वाळत घातलं आणि सलिलला फोन करून वर यायला सांगितलं. तो "बघतो" म्हणाला. आता संध्याकाळ झाली, कापड केव्हाच वाळलं आहे. हे दोनदा दांडीपाशी जाऊन परत आले. ते कापड कोणीही एकट्याने उतरवू नये. मी असेपर्यंत सलिल आला नाही, तर मी गेल्यावर तरी त्याला उंबरा चढावा लागेल. तेव्हा ह्यांनी एक टोक धरावं आणि काही बोलू नये.

सही: मंजुळा चांगदेव रोकडे
ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मंजुळाबाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. कापड अजून दांडीवर आहे, हेही आम्ही पाहिलं.

साक्षीदार:
१. शांताबाई म्हात्रे
२. प्रभाकर दळवी (वाचून)