मुत्तूची गोधडी

शुक्रवार, डिसेंबर. अड्यार

चूक माझीच. चेन्नईची थंडी ती केवढी! पण गेल्या आठवड्यात धुतल्यावर माझा घोडा मुत्तू शहारला, आणि मी आईची गोधडी चक्क त्याच्या ओल्या पाठीवर टाकली. आता तिथलेच केस गळून गोल चट्टे पडलेत. बुरशी! तबेल्यातले सेल्वम अण्णा हसले, "अम्मा, थंडी तुम्हाला वाजते, त्याला नाही."

आज भर उन्हात कोमट पाण्याने धुतलं, कोरडं पुसलं, मलम लावलं. शहाणा माझा, हलला नाही. फक्त उकळून वाळत घातलेल्या गोधडीकडे सारखी मान वळवत होता.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "माणसालाही होतं हे, त्याच्या गळ्यात पडू नका." माझ्या गालावर कालपासून तसाच गोल चट्टा आहे. विचारायचं राहिलं, आता झालंच आहे, तर गळ्यात पडायला काय हरकत?