न धुतलेली कात्री

रविवार, १२ मार्च, सकाळ

प्रिय मास्तर,

तब्येत कशी आहे? टाके सुकले का? लेकीकडे पथ्य पाळतोस, की नातवंडांच्या ताटातलं उचलतोस? इकडचं सगळं ठीक, असं पुढे लिहायची पद्धत आहे. तसं ते नाही.

दुकानाचं म्हणशील तर दिवसाला दोन घड्याळं येतात आणि त्यातल्या एकाचा नुसता सेल संपलेला असतो. तुझ्या फाटकाची कडी मी नीट बसवली.

काल तुझ्या वाफ्यातली टोमॅटोची झाडं उपटली. अठराच्या अठरा. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, ते आल्यावर बघतील. पण बघवत नव्हतं. पानं काळी पडून खोडाला चिकटलेली. एक फळ हातात घेतलं तर बोटं आतच गेली आणि कोमट, आंबूस लगदा मनगटापर्यंत ओघळला. आत अळ्या वळवळत होत्या. मी तिथेच भिंतीला धरून ओकलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून दिला, तेव्हा आणखीच मळमळलं. का, ते लिहायला बसलोय. दोन कागद फाडून झाले.

ऑपरेशनला जाताना तू मला बजावलं होतंस, "बगलफुटी वाढू देऊ नकोस. पानाच्या बेचक्यात फुटवा दिसला की खुडायचा, खालची पानं छाटायची. आणि कात्री धुऊन घे रे बाबा, एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो." पाच वर्षं तू मला हे शिकवतोयस, जसा काही मी चौथीतला ढ.

त्याच आठवड्यात माझ्या झाडांवर करपा आला होता. सकाळी मी माझी रोगट पानं छाटली आणि तीच कात्री घेऊन तुझ्या वाफ्यात आलो. पाती चिकट, काळपट झाली होती. नळ तीन पावलांवर. मास्तर, मी विसरलो नव्हतो. नळाकडे बघितलं, तुझ्या मुठीएवढ्या टोमॅटोंकडे बघितलं आणि मनात आलं, एक वर्ष तरी याची जिरू दे. त्याच कात्रीने छाटत गेलो, एकही झाड सोडलं नाही.

वाटलं होतं, चार पानं पिवळी पडतील, मग मी तुला चिडवीन. दहा-बारा दिवसांत वाफा जळाल्यासारखा झाला.

तू दवाखान्यातून आलास, काठी टेकत मागच्या दारी गेलास आणि वहिनींवर ओरडलास, "पानांवर पाणी ओतलंस! चाळीस वर्षांत एक गोष्ट धड ऐकली नाहीस!" मी समोरच खुर्चीत होतो, त्यांनीच दिलेला चहा पीत. तू म्हणालास, "तूच सांग रे हिला." आणि मी म्हणालो, "पाणी जरा जास्तच झालं असेल."

वर तो चहा संपवलाही.

दुसऱ्या दिवशी तू लेकीकडे निघून गेलास. "हिच्या हातचं पाणीसुद्धा नको," म्हणालास. तीन आठवडे त्यांचा फोन उचलत नाहीस.

काल तांब्या परत देताना मी म्हणालो, "वहिनी, ते पाण्यामुळे झालं नाही."

त्या मेलेली झाडं पोत्यात भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. नळाकडे बघून तुम्ही थांबलात, तेही पाहिलं."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"डॉक्टर म्हणाले होते, मनाला त्रास नको. आणि त्यांना मित्र तरी कितीसे आहेत, भावजी? बायकोवर ओरडून ते मोकळे झाले. तुमचं कळलं असतं तर आतल्या आत कुढत बसले असते."

पोतं बांधून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मला माझी शिसारी आली आहे, मास्तर. आरशात तोंड बघवत नाही, म्हणून सकाळी दाढीही केली नाही. माफीसाठी हे लिहीत नाही. ती मागायचं तोंड राहिलेलं नाही. मला पुन्हा फाटकात उभं केलं नाहीस तरी तुझं बरोबरच असेल. पण हे वाचून झालं की आधी घरी फोन लाव. आणि नुसतं "कळलं मला" म्हणून ठेवून देऊ नकोस. ओरडलास तेवढ्याच मोठ्याने त्यांची माफी माग. हे सांगायचा मला अधिकार नाही. तरी सांगतो.

पथ्य सांभाळ. 'तुझा' असं लिहायला हात धजत नाही.

शेजारचा घड्याळजी