सुलट आट्याची रिंग

आप्पा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तेवढी वर्षं मी तुमच्याबद्दल चारचौघांत चांगलंच बोलत आले. कष्टाळू होते, हाताला गुण होता, असं. आज तसं बोलणार नाही. आज तुम्ही मध्येच ओरडून मला गप्प करू शकत नाही, म्हणून सगळं सांगून घेते.

सांगलीत हळदीच्या पेठेच्या तोंडाशी आपलं सायकलचं दुकान होतं. मॅट्रिकनंतर मी तिथं बसायला लागले. पंक्चर, बेअरिंग, आऱ्या आवळून चाक सरळ करणं, सगळं मी तुमचे हात बघून शिकले. तुम्ही मुद्दाम असं काहीच शिकवलं नाहीत. गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसलं की तुम्ही म्हणायचात, "घरात बसून काय करणार, म्हणून बसवलीय नुसती." आणि तुम्ही जेवायला गेलात की तेच गिऱ्हाईक माझ्याकडून चाक सरळ करून नेत होतं.

दादाला फौजेत जायचं होतं. भरतीच्या एका साहेबांनी त्याला सांगितलं होतं, साताऱ्याच्या शर्यतीत नंबर काढ, खेळाडू म्हणून तुझं नाव पुढं करता येईल. म्हणून तुम्ही मिरजेच्या एका जुन्या शर्यतवाल्याकडून त्याच्यासाठी रेसचं चाक आणलंत. त्याला फ्रीव्हील नव्हतं. दातेरी चकती थेट हबवर फिरवून बसवलेली, त्यामुळं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. ब्रेकही नाही. थांबायचं ते पायांनी मागं जोर देऊन. असा जोर दिला की चकती सुटायला बघते, म्हणून तिच्यावर उलट आट्यांची लॉकरिंग असते. चकती सुटू लागली की ही रिंग आवळत जाते. हे सगळं त्या माणसानं तुमच्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा "माहिती हाय, माहिती हाय" म्हणत चाक पिशवीत भरत होतात. मी शेजारीच उभी होते, ऐकलं मी.

शर्यतीला दोन दिवस राहिलेत. सोळा दातांची चकती काढून पंधराची बसवायची आहे, म्हणजे आधी रिंग काढायला हवी. तुम्ही छन्नी खाचेत लावता आणि रोजच्या सवयीनं डावीकडं हातोडी मारता. रिंग हलत नाही. तुम्ही आणखी जोरानं मारता. मी म्हणते, "आवं आप्पा, ही उलटी हाय. उजवीकडं फिरवा, हुकाच्या पान्यानं सुटंल." दुकानात तीन माणसं उभी आहेत. तुम्ही वर बघत नाही. "तू पंप मार जा," म्हणता, आणि पुढच्या घावाला रिंग तडकते.

मिरज सायकलवर अर्ध्या तासाची वाट. त्या माणसाकडं तसली दुसरी रिंग होती, ती मी त्याच्या टेबलावर पाहिली होती. "मी जाऊन घिऊन येते," मी म्हणाले. पण मग रिंग कशानं फुटली, हे त्याला सांगावं लागलं असतं. रेसच्या हबला आपल्याकडची कुठलीच रिंग चालणार नव्हती, म्हणून तुम्ही साध्या हबचं एक चाक काढलंत, त्यावर पंधराची चकती चढवलीत आणि मोडक्या सामानाचा डबा उपडा केलात. एक रिंग ढिली, एक चढेचना. शेवटी पायडलचा आस ज्यात फिरतो त्या कपावरची एक रिंग नीट बसली. बसणारच होती, तिचे आटे चकतीसारखेच सुलट होते.

"चकती सुटली की तिच्यासंगं हीबी सुटंल, आप्पा."

तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. एकोणीस वर्षांची होते मी. "बापाला शिकवतीस व्हय गं? तीस वरसं पाना धरलाय ह्या हातानं!" त्या तिघांतला एकजण हसला.

साताऱ्याच्या मैदानावर दादा पहिला आला, आप्पा. हे आता कोणाला आठवत नाही, म्हणून लिहून ठेवते. रेषा ओलांडून त्यानं वेग मोडायला पायांनी मागं जोर दिला आणि पायडल एकाएकी उलटं भिरभिरलं. चाक तसंच पळत राहिलं. मैदानाच्या कडेला दगडी बांध होता, दादा त्याच्यावर आदळला. त्याच्या खुब्याचं हाड मोडलं आणि फौज तिथंच संपली. लोक दादाला उचलत होते तेव्हा तुम्ही चाकाकडं गेलात. हबवर लोंबणारी ती रिंग बोटांनी फिरवून काढलीत आणि खिशात टाकलीत. मी पाहिलं. मी पाहिलं हे तुम्हीही पाहिलंत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही आईला म्हणालात, "सकाळी चाक हिनंच आवळलंतं." खोटं नव्हतं ते. एक्सलचे दोन नट मीच आवळले होते. त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत आईनं माझ्या हातचा चहा घेतला नाही. दादा सहा महिने खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपला. मग तुम्ही विट्याच्या एका गलाईवाल्याचं स्थळ आणलंत आणि सोनं गाळणाऱ्या त्या घराबरोबर मला पार तमिळ मुलखात धाडून दिलंत. निरोप देताना म्हणालात, "झालं गेलं इसरून जा, पोरी." जसं काही मलाच माफ करत होतात.

माझे मालक वारल्यावर मी सांगलीला परत आले. दादा आणि मी आता एकाच घरात राहतो. तो काठी घेऊन चालतो, मला अगं-तुगं करतो, भाजीत मीठ कमी पडलं की सांगतो. त्या चाकाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. हे पत्र मी खरं तर त्याच्यासाठी लिहायला घेतलं. तुम्ही काही वाचणार नाही, निदान त्यानं तरी वाचावं, त्याला कळावं कोणी काय केलं ते.

पण एक राहिलं. शर्यतीला उभं राहण्याआधी दादानं मला बाजूला बोलावून विचारलं होतं, "चाक बरं हाय न्हवं गं? आप्पाचं सोड, तू सांग." तुम्ही दहा हातांवर होतात. मला तुमची भीती वाटली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. कान अजून दुखत होता, आणि मला वाटलं, सुटू दे एकदा ती चकती सगळ्यांसमोर, कळू दे लोकांना तुमचा हात. दादा पडेल हे माझ्या मनात आलंच नाही.

"व्हय, बरं हाय," मी म्हणाले.

हे पत्र मी दादाला देणार नाही.