टॉवेलाला घोंगड्याची खळ

मंद्रूप मुक्कामी आदरणीय निंगप्पा अण्णांना, सोलापूरहून मेहुणे धुळाप्पा यांचा तोंडाला मास्क बांधूनच नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? मेंढरं बाहेर सोडायला मिळतात का? (त्यांना अंतर ठेवा म्हणून कोण सांगणार!) आपली बहीण राजाबाई ठणठणीत आहे, हे मी तिच्या आवाजावरून खात्रीनं लिहितो. फोन न करता पत्र धाडतोय, कारण हल्ली फोन लावला की आधी आतली बाई खोकते, आणि मागच्या वेळी तुम्ही मला फोन लावलात तेव्हा तो खोकला माझाच समजून ठेवून दिला होता.

अण्णा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बाकीच्या शेडांना कुलपं असताना माझे सहा माग सुरू आहेत. कोविड सेंटरला छोटे टॉवेल पुरवायचे म्हणून परवानगी मिळाली. बसू, सुंदरम्मा आणि आणखी तिघं शेडमध्येच राहतात, तिथंच जेवतात. माग थांबला तर ही माणसं चालत गावाकडं निघतील, आणि एकदा पांगलेली माणसं पुन्हा गोळा करणं या वयात मला जमणार नाही. म्हणून रोज सकाळी उदबत्ती लावून बिरोबाला एवढंच सांगतो, की देवा, तुझं तू बघ, मी काही माग थांबवत नाही. (मागणं मागत नाही. सध्या त्याच्याकडंही गर्दी असेल.)

पण माग माझ्या निश्चयावर चालत नाही, तो खळीवर चालतो. उभ्या धाग्याला खळ लावली नाही तर तो मागावर तटातट तुटतो. ही खळीची पावडर मी वर्षानुवर्षं गुजरातच्या एकाच व्यापाऱ्याकडून घेत आलो. दुसरा कुणी असतो का, हे कधी विचारलंच नाही, कारण याचा दिवाळीचा मिठाईचा डबा मोठा असतो. यंदा त्याचा ट्रक राज्याच्या हद्दीवर अडकला. फोन केला की म्हणायचा, "माल निकल गया." राजाबाई म्हणाली, "निघालाय तर निघालाय, पण पोचायचं काय त्येच्या मनात दिसत न्हाय."

मग मला वडील आठवले. आपल्या लोकांत घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, ते तुम्हाला मी काय सांगावं! भाजायचे, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवायचे. मी गल्लीत घरोघर फिरलो. लोकांनी आधी दार उघडलं नाही (त्यांना वाटलं, मी ताप मोजायला आलोय), पण चिंचोके हवेत म्हटल्यावर खिडक्यांतून पिशव्या खाली आल्या. शेडमागं चूल मांडली, आणि वडील करायचे तशीच, उलथणं उभं राहील इतकी घट्ट खळ मी शिजवली. धागा एकदाही तुटला नाही. मी मनोमन फुगलो आणि पहिला गठ्ठा सेंटरला पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. सिस्टरनं निरोप दिला होता की हात पुसून कोरडे होत नाहीत, फक्त सोलवटतात. बसूनं एक टॉवेल भिंतीला टेकवून ठेवला, तो उभाच राहिला. "मालक, ह्यो टॉवेल हाय का पत्रा?" वर त्यानं तांब्याभर पाणी ओतलं. सगळं घरंगळून त्याच्याच पायावर पडलं. तेव्हा राजाबाई बोलली, "आवं, घोंगड्याची खळ पाऊस अंगावर येऊ नये म्हणून असती. तुमचे वडील काय आंघोळ करून घोंगड्यानं अंग पुसत हुते व्हय?"

अण्णा, मी शांतपणे (म्हणजे दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून) गठ्ठा सोडला. सगळ्यांनी मिळून टॉवेल उकळत्या पाण्यातून काढले, पिळले, शेडच्या छपरावर वाळवले. पुढची खळ ताकासारखी पातळ केली. धागा टिकला, टॉवेलही पाणी प्यायला लागला आणि सेंटरनं तो गठ्ठा ठेवून घेतला.

तेव्हापासून मी ठरवलं आहे की कशासाठीही एकाच दारात उभं राहायचं नाही. प्रत्येक वस्तूला दोन वाटा. सूत दोघांकडून घेतो. पुठ्ठ्याची खोकी मिळेनात, तर मोडनिंबच्या बागाईतदाराची द्राक्षाची रिकामी खोकी आणली. (सेंटरमधले लोक फार आशेनं खोकं उघडतात आणि आत टॉवेल पाहून हिरमुसतात.) टेम्पो नसला तर दुधाची गाडी. बसू आता धागा जोडायला शिकलाय, सुंदरम्मा माग चालवायला, आणि मी गप्प बसायला. काळ कठीण आहे, पण आमचा माग कुणा एकावाचून अडणार नाही, एवढं मी आता छाती ठोकून लिहितो.

वडीलधाऱ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद आणि सगळ्यांना साबण.

आपला,
धुळाप्पा

ता. क. बांधावरची मोठी चिंच तुम्ही लाकूडवाल्याला दिली आणि तो सोमवारी करवत घेऊन येणार, असं राजाबाईच्या कानावर आलंय. अण्णा, झाड पाडू नका. गल्लीतले चिंचोके संपले. वर लिहिलेल्या दोन वाटा सूत, खोकी आणि गाड्यांपुरत्या खऱ्या आहेत. चिंचोक्यांना वाट एकच, आणि ती तुमच्या बांधावर उभी आहे. सावलीनं ज्वारी मार खाते म्हणता, तर फांद्या मी स्वतः येऊन छाटून देतो.

ता. क. २ मात्र विनंतीला मी दोन वाटा ठेवल्या आहेत. एक हे पत्र. दुसरी राजाबाई, ती हे पत्र आणणाऱ्या दुधाच्या गाडीतूनच येते आहे. झाड राहणार हे कळेपर्यंत ती त्याच्याखाली बसणार म्हणते. तिला चहात साखर जास्त लागते.